गुणवत्ता व्यवस्थापन : आज्ञा आणि विधान

कोणतीही विद्याशाखा अखेर विधानांवर उभी राहते. आज्ञा पाळता येते किंवा मोडता येते. ती खरी अथवा खोटी ठरत नाही. विधान मात्र पडताळता येते. गुणवत्ता व्यवस्थापन या विषयाची विद्याशाखा म्हणून झालेली घडण या भेदाच्या साहाय्याने तपासली असता तिचे बल आणि तिची उणीव ही दोन्ही स्पष्ट होतात.

या विषयाचा पाया विधानांचाच आहे. अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेखाची कल्पना मांडली आणि १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे सविस्तर विवेचन केले. त्यांच्या परिभाषेत नियंत्रण म्हणजे अंकुश नव्हे. पूर्वानुभवाच्या आधारे एखाद्या प्रक्रियेतील पुढील चढउतारांचे भाकीत ठराविक मर्यादांत करता येत असेल, तर ती प्रक्रिया नियंत्रित होय. म्हणूनच नेहमी साधारण सारख्याच प्रमाणात सदोष नग काढणारे यंत्रही नियंत्रित असू शकते. व्यवहारी मनास हा निष्कर्ष विचित्र वाटेल. परंतु तो पडताळून पाहता येतो, हेच त्याचे शास्त्रीय मोल होय.

युद्धोत्तर काळात विषयाचा विस्तार झाला. १९५० साली एडवर्ड्स डेमिंग यांनी आणि १९५४ साली जोसेफ जुरान यांनी जपानमध्ये व्याख्याने दिली. पुढे संख्याशास्त्राकडून विषय व्यवस्थापनाकडे वळला, तसे त्याच्या वाक्यांचे रूपही पालटले. डेमिंग यांची सुप्रसिद्ध चौदा सूत्रे आज्ञार्थी आहेत : कामगारांचे भय नाहीसे करावे, विभागाविभागांतील भिंती पाडाव्यात, असे ती सांगतात. त्यांतील शहाणपण नाकारण्याचे कारण नाही. तथापि उपदेश हा सिद्धांत नव्हे.

मूळ संज्ञेविषयीही एकवाक्यता नव्हती. जुरान यांच्या मते गुणवत्ता म्हणजे उपयोगास योग्य असणे. फिलिप क्रॉस्बी यांच्या १९७९ च्या ग्रंथानुसार ती ठरविलेल्या अटींशी जुळणे होय. अटीच चुकीच्या असल्या, तर दुसऱ्या व्याख्येने निर्दोष ठरलेली वस्तू पहिल्या व्याख्येने टाकाऊ ठरते. डेव्हिड गार्विन यांनी १९८४ मध्ये व्याख्यांमागील पाच दृष्टिकोन वेगळे करून दाखविले. मतभेद न झाकता तो उघड केला, हे त्यांचे श्रेय. मात्र वर्गीकरणाने विरोध दिसतो, मिटत नाही.

आज्ञांचे विधानांत रूपांतर करण्याचा लक्षणीय प्रयत्न १९९४ साली 'अकॅडमी ऑफ मॅनेजमेंट रिव्ह्यू'मध्ये झाला. अँडरसन व त्यांच्या सहलेखकांनी चौदा सूत्रांच्या मुळाशी असलेल्या संकल्पना शोधून त्यांची कार्यकारणसाखळी मांडली : दूरदर्शी नेतृत्वामुळे सहकार्य व शिक्षण, त्यांतून प्रक्रियांचे व्यवस्थापन आणि अखेर ग्राहकांचे समाधान. दिशा योग्य होती. परंतु 'दूरदर्शी' हे वर्णन नसून प्रशंसा आहे. एखादी संस्था अयशस्वी झाली, की तिचे नेतृत्व दूरदर्शी नव्हतेच, असे म्हणण्याची वाट मोकळी राहते. अशा वेळी बाहेर घालविलेली आज्ञा विशेषणाच्या रूपाने परत येते.

मराठीत हा धोका अधिक आहे. 'गुणवत्ता यादी'ची सवय झालेल्या वाचकास 'गुणवत्ता' हा शब्दच श्रेष्ठत्व सुचवितो, तर 'नियंत्रण' अधिकार सुचविते. केवळ शब्दांतरावर विसंबणारा अभ्यासक शूहार्टपासून दूर जाईल. म्हणून प्रत्येक संज्ञेबरोबर ती तपासावयाची रीत सांगितली पाहिजे. विषयाची विद्याशाखा म्हणून प्रतिष्ठा त्या शिस्तीवरच अवलंबून आहे.