‘खाजगी’ ही संज्ञा आणि क्लाउडमधील जाळी : एक परिभाषाविचार

संगणकविद्या मराठीतून शिकविताना ‘प्रायव्हेट’ या इंग्रजी शब्दासाठी ‘खाजगी’ हा प्रतिशब्द सर्रास योजला जातो. क्लाउडमधील जाळ्यांच्या विवेचनात मात्र तो विद्यार्थ्याची दिशाभूल करतो. मराठी व्यवहारात ‘खाजगी’चा विरोध ‘सरकारी’शी आहे; खाजगी शाळा, खाजगी गाडी या प्रयोगांत रोख मालकीवर असतो. मूळ संज्ञेत मालकी गौण आहे, शिवाय ती तेथे तीन निरनिराळ्या अर्थांनी येते.

‘खाजगी पत्ता’ हा पहिला प्रयोग. १९९६ च्या ‘आर.एफ.सी. १९१८’ या दस्तऐवजाने १०.०.०.०, १७२.१६.०.० व १९२.१६८.०.० यांपासून सुरू होणारे तीन पट्टे अंतर्गत वापरासाठी राखून ठेवले. ते कोणा एकाच्या मालकीचे नाहीत. कोणीही आपल्या जाळ्यात ते वापरावेत, बाहेरच्या इंटरनेटवर त्यांना वाट नाही, इतकेच. अकोल्यात दहा क्रमांकाचे घर जठारपेठेत असू शकते, तसेच रामदासपेठेतही. पेठेच्या आत नुसता क्रमांक पुरतो, बाहेरून येणारे पत्र त्यावर पोहोचत नाही. येथे ‘अंतर्गत पत्ता’ हीच संज्ञा सयुक्तिक होय.

दुसरा प्रयोग ‘आभासी खाजगी क्लाउड’ हा. ॲमेझॉनचा मुंबई विभाग २०१६ साली सुरू झाला. तेथील यंत्रे कंपनीची, वापरणारे ग्राहक अनेक. ग्राहकाला मिळते ते केवळ तर्कदृष्ट्या विलग केलेले जाळे. मालकीवाचक शब्द येथे सर्वस्वी विपरीत ठरतो.

खरा धोका तिसऱ्या प्रयोगात, ‘खाजगी सबनेट’मध्ये आहे. सबनेटचे हे स्वरूप त्याच्या नावाने नव्हे, तर मार्गसारणीने ठरते. सारणीत ०.०.०.०/० ही नोंद इंटरनेट गेटवेकडे वळविली की ते सबनेट सार्वजनिक झाले, मग त्याला नाव काहीही दिलेले असो. अशा सबनेटमधील माहितीसंचाच्या यंत्रास सार्वजनिक पत्ता मिळाला आणि पहाऱ्याचे नियम सैल असले, तर ते जगाला उघडे पडते. ‘खाजगी’ म्हणजे सुरक्षित, असे समजणारा विद्यार्थी ती नोंद तपासतच नाही. उलट, नॅट गेटवेद्वारे खाजगी सबनेटमधूनही बाहेर जाता येते. अडते ते बाहेरून सुरू केलेले आगमन. हा दिशाभेद ‘खाजगी’ शब्दात कोठेही सूचित होत नाही.

एका इंग्रजी शब्दास एकच प्रतिशब्द, हा कोशकारांचा दंडक एरवी उपकारक असला तरी येथे तो सोडणे इष्ट. ‘थेट वाट नसलेले सबनेट’ ही संज्ञा लांबट आहे खरी, परंतु ती ऐकणारा प्रथम वाट कोठे जाते ते पाहतो.