चिकटवहीतील जुनेपण

कोलाज हा शब्द आता मराठीला परका राहिलेला नाही. चिकटवणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून तो आला. पिकासो आणि ब्राक यांनी १९१२ साली वर्तमानपत्राचे व भिंतीला लावायच्या छापील कागदाचे तुकडे चित्रात आणले आणि कलेच्या इतिहासात त्याला प्रतिष्ठा मिळाली. त्याचीच एक घरगुती शाखा अलीकडे आपल्या घरांतूनही दिसू लागली आहे. जाड कागदाची वही घ्यायची आणि तिच्या पानांवर जुन्या वळणाची, म्हणजे ‘व्हिन्टेज’ धर्तीची, कोलाजे जुळवायची. तिला आर्ट जर्नल म्हणतात. आपल्या चिकटवहीचीच ती नव्या पिढीतील बहीण. हा केवळ फावल्या वेळचा उद्योग म्हणून सोडून देता येत नाही, कारण त्याला लागणारा कच्चा माल पुष्कळदा आपल्याच ट्रंकांतून निघतो.

या पानांचा साचा आता ठरून गेला आहे. चहाच्या पाण्यात भिजवून वाळवलेला कागद, हाताने फाडलेल्या कडा, इंग्रजी पुस्तकाचे एखादे पान, लेसची पट्टी, टपालाचा शिक्का, आणि मध्यभागी फुलपाखरू किंवा घेरदार झग्यातील युरोपीय स्त्री. वरून पांढऱ्या रंगाचा पातळ हात. यात गुण नाहीत असे नाही. कोणता तुकडा खाली आणि कोणता वर, किती जागा मोकळी ठेवायची, हे नजरेला शिकवणारी ही रीत आहे. फाटलेल्या कडेची पांढरी रेघ कात्रीला कधी साधत नाही. ज्याने कधी ब्रश हाती घेतला नाही, त्यालाही येथे रचनेचा आनंद मिळतो.

उणीव आहे ती वेगळीच. या पानांत जुनेपण हा केवळ एक रंग होऊन बसतो. सारी नोकरी कागदपत्रांत गेलेल्या माझ्यासारख्याच्या नजरेला हे लगेच जाणवते. लाकडाच्या लगद्याचा कागद हवा आणि उजेड यांनी कडेकडून आत पिवळा पडत जातो, घडीवर विरतो, कसर लागते तेथे त्याची जाळी होते. चहाचा डाग मात्र सर्वत्र सारखा. उलट चिंध्यांपासून केलेल्या हातकागदावर काजळाच्या शाईने लिहिलेले मोडी पत्र दोनशे वर्षांनीही टणक व काळेभोर राहू शकते; ते या अर्थाने ‘व्हिन्टेज’ दिसतच नाही. जुन्या वस्तूला इतिहास असतो. जुन्या रंगाला तो नसतो.

तयार साहित्य विकत आणले म्हणून मात्र कोणाला दोष देऊ नये. व्हिक्टोरियन काळातील ज्या अल्बमांचे अनुकरण आज चालते, त्यांतही जर्मनीत छापलेली, उठावदार व तयार कातरलेली रंगीत चित्रेच मोठ्या प्रमाणावर चिकटवली जात. प्रश्न साहित्य कोठून आले हा नाही, त्याचे केले काय हा आहे. माक्स अर्न्स्टने १९३४ साली प्रसिद्ध केलेल्या ‘यून सेमेन द बाँते’ या ग्रंथात एकोणिसाव्या शतकातील सचित्र कादंबऱ्यांची चित्रे कापून जोडली. सर्व चित्रे एकाच जातीच्या बारीक रेघांची असल्याने सांधा दिसत नाही, आणि सभ्य दिवाणखान्यात पक्ष्याच्या डोक्याचा माणूस अगदी सहज वावरताना दिसतो. जुन्या चित्रातील दडलेली भीती त्याने बाहेर काढली. ते गोड करून दाखवले नाही.

कुर्ट श्विटर्सचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. पहिल्या महायुद्धानंतर हॅनोव्हर येथे तो ट्रामची तिकिटे, वेष्टणे, जाहिरातींचे कपटे चिकटवीत असे. ‘कोमर्झ’ या छापील शब्दाच्या तुकड्यातून त्याने आपल्या कलेला ‘मेर्झ’ हे नाव दिले. हे कागद त्या वेळी जुने नव्हते, कालपरवाचे होते. ते आज जुने दिसतात ते चहामुळे नव्हे, तर शंभर वर्षे लोटल्यामुळे.

आपल्या वडोदऱ्यातही ही परंपरा अनोळखी नाही. भूपेन खख्खर यांनी १९६५ साली मुंबईच्या जहांगीर कलादालनात मांडलेल्या पहिल्या एकल प्रदर्शनात बाजारी देवादिकांच्या चित्रांचे तुकडे वापरलेली कोलाजे होती. त्याही मागे जायचे तर, सयाजीरावांच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे काढणाऱ्या रविवर्म्याने १८९४ मध्ये छापखाना काढला, आणि त्या छापांतील लक्ष्मी-सरस्वतींना हौशी हातांनी जर, टिकल्या व कापड लावून सजवले. ते कोलाजच होते. पण त्यात मूळ चित्राला कात्री लागत नसे. त्याच्यावर काहीतरी वाहिले जाई.

आज मात्र कात्री चालते, आणि माझी खरी चिंता तेथेच आहे. मोडी वाचणारे घरात कोणी उरले नाही, म्हणून मोडी पत्र ही सुंदर नक्षी ठरते. त्या नक्षीतच मूळ गाव, कुलदैवत किंवा एखाद्या जमिनीचा करार लिहिलेला असू शकतो. बडोदे संस्थान १९४९ मध्ये विलीन झाले; त्या संस्थानचा मुद्रांक कागद आता पुन्हा छापला जाणार नाही. आपल्यासारख्या घराण्यांचा इथला इतिहास ग्रंथांत थोडा आणि अशा कागदांत फार आहे. फुलपाखराच्या पार्श्वभूमीसाठी तो खर्ची पडू नये.

उपाय खर्चिक नाही. मूळ कागद जपावा आणि वहीत त्याची प्रत लावावी. प्रत लेसर छपाईची असावी, कारण इंकजेटची शाई ओल्या गोंदाने फुटते. मूळच कागद लावायचा असेल तर फेव्हिकॉलने डकवू नये. कागदाच्या कोपऱ्यांत अडकवावा, म्हणजे पुन्हा काढता येईल. शेजारी तारीख आणि कागद कोणाचा होता ते लिहावे.

असे पान कमी देखणे होईल असे मला वाटत नाही. आजच्या रेल्वेच्या तिकिटाशेजारी पणजोबांच्या पत्राची प्रत आणि खाली त्याचे बाळबोध लिपीतील वाचन, एवढे जरी त्यात आले तरी त्या जुनेपणाला अर्थ येईल. मग चहा प्यायलाच ठेवावा.