शिंदे बंधूंचा चढा सूर

२००४ साली निवर्तलेल्या प्रल्हाद शिंद्यांचा खडा आवाज आनंद व मिलिंद या पुत्रांकडे वारशाने आला. कॅसेटच्या जमान्यात हे बंधू घरोघर पोहोचले. ‘नवीन पोपट हा’ गाजले, आणि सुशिक्षित रसिकांनी त्यांना तेवढ्यावरच निकालात काढले. हा न्याय अपुरा आहे. १९७८ साली नामांतराच्या वादात नांदेड जिल्ह्यातील दलित वस्त्या जाळल्या गेल्या. त्याच नांदेड-लातुरात १४ एप्रिलला या बंधूंची भीमगीते घुमतात, तेव्हा त्यांचा चढा सूर हा दोष उरत नाही. ती गरज ठरते. नाजूक हरकतींवर मिरवणूक चालत नाही. तिला ठाम ठेका व स्वच्छ शब्दच हवेत. पोपटाला खुशाल हसावे; भीमगीतापाशी मात्र क्षणभर थांबावे.