अनाथ पाडसे व त्यांचे पालक

शाकुंतलाचा चौथा अंक आम्ही गेली सव्वीस वर्षे संस्कृताच्या तासाला शिकवीत आलो आहो. शकुंतला पतिगृही निघते, मागून कोणीतरी वस्त्र ओढते, ती वळून पाहते. तो ते पाडस. जन्मतःच आईविना झालेले, तिने श्यामाकाचे दाणे मुठीमुठीने भरवून वाढविलेले, कुशाच्या अग्राने तोंड फाटले तेव्हा तिनेच इंगुदीचे तेल लावून बरे केलेले. येथवर आले की वर्ग निःशब्द होतो आणि खोटे कशाला बोला, आमचाही कंठ दाटतो. गेल्या वर्षी मात्र मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थ्याने विचारले, "सर, त्या पाडसाचे पुढे काय झाले?" आम्ही काहीतरी सांगून वेळ मारून नेली, पण प्रश्न मनातून जाईना. वन्य प्राण्यांच्या अनाथ पिलांना वाचविणाऱ्यांविषयीचे जे वाङ्मय आमच्या वाचनात आहे, त्याला हा प्रश्न विचारून पाहावा, एवढाच या लेखाचा हेतू.

कालिदासाने पाडसाचे पुढे काय झाले हे सांगितलेले नाही. परंतु मागे काय झाले होते ते पाचव्या अंकात शकुंतलेच्या तोंडून सांगविले आहे. ओळख पटविण्यासाठी ती दुष्यंतास एका दिवसाची आठवण देते. त्या पाडसाचे नाव दीर्घापांग. राजाने कमळाच्या पानाच्या द्रोणातले पाणी त्याच्यापुढे धरले, परका हात म्हणून ते जवळ येईना. तेच पाणी शकुंतलेने धरताच ते प्याले. त्यावर राजाने तुम्ही दोघेही रानचीच, अशी थट्टा केली होती. टीकाकारांनी हा प्रसंग प्रेमाची खूण म्हणून वाखाणला आहे व तो तसा आहेही. आम्हांस मात्र अलीकडे त्यात निराळेच काही दिसू लागले आहे. तो हात शिकाऱ्याचा होता. पहिल्या अंकात हाच राजा धनुष्य ओढून आश्रमाच्या हरणामागे धावत आला होता, आणि हे आश्रमाचे हरिण आहे, मारू नकोस, असे तपस्वी ओरडले म्हणून ते वाचले. त्याच अंकात आश्रमाची सीमा राजाने ओळखली ती कशावरून? रथाचा आवाज ऐकूनही हरिणे दचकत नाहीत, यावरून. म्हणजे तपोवनाने हरणांचे भय घालविले आणि त्या बदल्यात मध्ये पडणारा एक आवाज दिला. तो आवाज वेळेवर आला नसता तर? दीर्घापांगाने आपले भय राखले होते. वन्य पिलांना पुन्हा रानात सोडण्याचे काम करणारे लोक आज जी गोष्ट सर्वांत जपतात ती हीच: परक्या माणसाला भिण्याचा पिलाचा स्वभाव.

याच्या उलट बाजूची कथा भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. सिंहाची डरकाळी ऐकून गर्भिणी हरिणी नदी ओलांडण्यास उडी घेते, गर्भ प्रवाहात पडतो, ती मरते. राज्य टाकून तपाला आलेला भरत ते पाडस उचलून आणतो. येथवर त्याचे काहीच चुकले नाही. मग तो त्याला खांद्यावर घेऊन समिधा-फुले आणावयास जातो, त्याच्यासह जेवतो, निजतो. ते दृष्टीआड झाले की लांडग्याने खाल्ले की काय म्हणून तळमळतो. चंद्रावरचा डाग पाहून, माझ्या पोरक्या पाडसाला चंद्राने आश्रय दिला असेल, असे त्यास वाटते. हा भाग ज्या कवीने लिहिला त्याला पशू पाळणाऱ्याचे मन नेमके ठाऊक होते. आमच्या कीर्तनकारांनी मात्र आसक्तीने मोक्ष कसा हुकतो एवढाच बोध त्यातून काढला. भरताचे काय नुकसान झाले हे सारेजण सांगतात. पाडसाचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. ते कळपात जावे यासाठी त्या राजर्षीने एक पाऊलही टाकलेले नाही. पुढल्या जन्मी तो स्वतः हरिण झाला व जन्मदात्या हरिणीस सोडून पुन्हा आश्रमाकडेच आला, यास आम्ही त्या कथेचा सर्वांत करुण भाग मानतो.

आधुनिक काळात या विषयावरचे जगात सर्वांत गाजलेले पुस्तक म्हणजे जॉय अॅडमसन यांचे 'बॉर्न फ्री' (१९६०). केनियात वन्यजीव खात्यात अधिकारी असलेल्या त्यांच्या पतीने १९५६ साली अंगावर आलेली सिंहीण मारली. मागाहून तिची तीन पिले सापडली. पोरके करणारा आणि पाळणारा हात एकच, हे लेखिका लपवीत नाही. दोन पिले रॉटरडॅमच्या प्राणिसंग्रहालयात गेली. तिसरीला, एल्साला, शिकार शिकवून रानात सोडले. पहिला प्रयत्न फसला, ती आजारी पडली. दुसऱ्या ठिकाणी साधले. या फसलेल्या प्रयत्नाची प्रकरणेच पुस्तकात सर्वांत मोलाची आहेत. पण वाचकाच्या लक्षात राहते ती एल्साने घातलेली मिठी. पुढची हकीकत नंतरच्या पुस्तकांत आहे. एल्साच्या पिलांना माणसाळवायचे नाही असे ठरले, तरी तळावरचे मांस त्यांना मिळतच राहिले. जानेवारी १९६१ मध्ये गोचिडांपासून होणाऱ्या रोगाने एल्सा मेली. शिकार पुरती न शिकलेली ती पिले वस्त्यांतल्या शेळ्या मारू लागली, आणि अखेर त्यांना पकडून सेरेंगेटीत न्यावे लागले. मिठीची किंमत दुसऱ्या पिढीने आणि शेळ्यांच्या मालकांनी दिली, असे म्हटले तर ते फार कठोर होईल काय?

मराठीत या जातीचे लेखन मुख्यतः हेमलकशाचे. विलास मनोहर यांचे 'नेगल' आणि डॉ. प्रकाश आमटे यांचे 'रानमित्र' ही पुस्तके आमच्या शाळेच्या ग्रंथालयात फाटेपर्यंत वाचली गेली आहेत. मारलेल्या माकडिणीच्या छातीला बिलगलेले जिवंत पिलू आमट्यांनी माडिया शिकाऱ्यांकडून मागून घेतले, तेथून त्या अनाथालयाचा आरंभ. ते शिकारी दुष्ट नव्हते, भुकेले होते. आणि भुकेवर उपाय केल्यावाचून पिलू मागण्याचा अधिकार पोहोचत नाही, ही जाण या लेखनात आहे. भरताला आणि अॅडमसनबाईंना न सुचलेली ही गोष्ट. पण माणसांत वाढलेले हे प्राणी बहुतेक तेथेच जगले आणि तेथेच मेले. 'नेगल'च्या दुसऱ्या भागाच्या नावात 'सांगाती' हा शब्द आहे व तो प्रामाणिक आहे. सांगात हा सांगात होय. ती सुटका नव्हे. बिबळ्याशेजारी निर्धास्त बसलेल्या माणसाचे चित्र पाहून आमची मुले जे समजतात, ते त्या पुस्तकांनी सांगितलेले नाही.

हे आम्ही दुसऱ्यांस सांगतो आहो, पण आमच्याही घरी एका खारीच्या पिलाला कापसाच्या बोळ्याने गाईचे दूध पाजून झाले आहे. तिसऱ्या दिवशी ते गेले. ते दूध त्याला मानवणारे नव्हते, हे फार उशिरा कळले. दर चैत्रात मुले बुलबुलाचे एखादे पिलू ओंजळीतून आणतात. त्यांतली कितीतरी अनाथ नसतातच; उडावयास शिकताना खाली आलेली असतात, आई जवळच्या फांदीवर ओरडत असते. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते, ही आपल्याकडची समजूतही खरी नव्हे. परत ठेवावे आणि दूर व्हावे. मुलांना यातले 'दूर व्हावे' तेवढे पटत नाही.

जुन्नर भागात उसात बिबळ्यांनी घर केले आहे. तोडणीच्या दिवसांत फडात पिले सापडतात. पूर्वी ती उचलून नेली की जन्माची पिंजऱ्यात जात. आता वनखात्याचे लोक व पशुवैद्य त्यांना तपासतात आणि संध्याकाळी टोपलीत घालून त्याच जागी ठेवतात. गाववाल्यांना घरी पाठवितात, कॅमेरा लावतात व स्वतःही मागे सरतात. रात्री मादी येते, एकेक पिलू तोंडात धरून नेते. कधी येत नाही. मग दुसऱ्या रात्री पुन्हा टोपली. या कामावर लिहिलेली मराठी कथा आमच्या वाचनात नाही. ती लिहिणे कठीण आहे हे आम्ही जाणतो: तीत पिलाला नाव देता येणार नाही, कोणी कोणाच्या अंगाखांद्यावर खेळणार नाही, आणि मुख्य प्रसंगी नायक उसाच्या बांधापलीकडे, दिवे मालवलेल्या गाडीत, काही न करता बसलेला असेल. पण ज्याला कमळाच्या द्रोणातले पाणी नाकारणारे पाडस लिहिता आले, त्याच्या वारसांना हे अवघड असले तरी अशक्य नसावे.