दोन टेकड्यांचा आलेख

लसीकरणाच्या धड्यात एक आलेख हमखास भेटतो. आडव्या अक्षावर दिवस, उभ्या अक्षावर रक्तातील प्रतिपिंडे. पहिल्या मात्रेनंतर लहानशी टेकडी, मग उतार. दुसऱ्या मात्रेनंतर झटकन चढणारी उंच टेकडी. आलेख चुकीचा नाही. शरीर पहिली ओळख विसरत नाही, हे तो एका दृष्टिक्षेपात सांगतो. तरीही त्याच्याविषयी आमच्या दोन तक्रारी आहेत.

पहिली तक्रार टेकड्यांमधल्या दरीची. तिथे काहीच घडत नाही, असे विद्यार्थ्याला वाटते. वास्तविक याच काळात लसिका ग्रंथींमध्ये बी-पेशींची निवड चालू असते. पेशी विभागताना प्रतिपिंडांच्या जनुकांत बारीक बदल होतात. ज्यांची प्रतिपिंडे प्रतिजनाला अधिक घट्ट चिकटतात, त्या पेशी टिकतात. म्हणजे दुसरी टेकडी नुसती उंच नसते, तिच्यातील प्रतिपिंडे सरसही असतात. या निवडीला आठवडे लागतात. दोन मात्रांमध्ये अंतर ठेवतात ते यासाठीच.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. उतरती रेषा म्हणजे संरक्षण संपले, असा अर्थ मुले काढतात. पण आलेखात मोजली आहेत ती प्रतिपिंडे, स्मृतिपेशी नव्हेत. हिपॅटायटिस-बीचा विषाणू शरीरात शिरल्यापासून आजार दिसेपर्यंत साधारण एक ते सहा महिने जातात. तेवढ्या अवधीत स्मृतिपेशी जाग्या होतात. म्हणून लस पूर्ण घेतलेल्या निरोगी माणसाला, प्रतिपिंडे घटली तरी, सहसा पुन्हा मात्रा लागत नाही. धनुर्वाताचे उलट आहे. त्याचे विष इतक्या अल्प प्रमाणात घातक ठरते की तेवढ्याने प्रतिकारशक्ती जागीच होत नाही. धनुर्वातातून बरे झालेल्यालाही लस द्यावी लागते. इथे प्रतिपिंडे रक्तात आधीपासून हजर हवीत. १० व्या आणि १६ व्या वर्षी टीडीची लस देतात, ती ही पातळी टिकवण्यासाठी.

"लहानपणी सगळ्या लशी झाल्या, आता पुन्हा कशाला?" हा पालकांचा प्रश्न शाळेतच शिक्षकांपुढे येतो. दोन टेकड्यांच्या आलेखात त्याचे उत्तर नाही. आलेख फळ्यावर जरूर काढावा, मात्र उतरत्या रेषेपाशी थांबून विचारावे, "रोग आधी पोहोचेल की स्मृती?" उत्तर प्रत्येक रोगागणिक वेगळे येईल, आणि धडा खरा तिथूनच सुरू होईल.