भाकर आजची की उद्याची?

चर्चमध्ये कधी पाऊल न ठेवलेल्या मराठी माणसानेही प्रभूच्या प्रार्थनेतली 'रोजची भाकर' ऐकलेली असते. शब्द इतके सरळ आहेत की त्यांवर थांबावंसं वाटत नाही. पण यातल्या 'भाकर'मागचा ग्रीक शब्द सोपा आहे, आणि 'रोजची'मागचा शब्द अठराशे वर्षं पंडितांना छळतो आहे.

तो शब्द 'एपिऊसिओस'. मत्तयाच्या शुभवर्तमानात सहाव्या अध्यायात आणि लूकच्या अकराव्या अध्यायात, दोन्हीकडे याच प्रार्थनेत तो येतो. तिसऱ्या शतकातल्या ओरिजेनची स्वतःची भाषा ग्रीक होती. त्याने लिहून ठेवलं की हा शब्द ना विद्वानांच्या लिखाणात सापडतो ना लोकांच्या बोलण्यात. शुभवर्तमानकारांनीच तो घडवला असावा. पुढे जेरोमच्या लॅटिन बायबलमध्ये लूकच्या जागी 'रोजची' आहे, तर मत्तयाच्या जागी 'द्रव्यापलीकडची' अशा अर्थाचा भारदस्त शब्द. मूळ शब्द एकच, आणि भाकरी दोन!

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इजिप्तमधल्या एका जुन्या खर्चाच्या यादीत हा शब्द दिसल्याचं जाहीर झालं. बाजारहाटाच्या यादीतला शब्द म्हणजे रोजचा शिधा, असा निष्कर्ष निघाला. मग तो कागद हरवला. १९९८ मध्ये येल विद्यापीठात तो पुन्हा हाती आला, तेव्हा कळलं की तिथे लिहिलं होतं 'तेल'.

आता माझा मुद्दा. 'रोजची' एवढंच म्हणायचं असतं तर ग्रीकमध्ये साधे शब्द होते. याकोबाच्या पत्रात गरिबाच्या रोजच्या अन्नाबद्दल लिहिताना असाच एक रुळलेला शब्द वापरलाय. शिवाय लूकने या ओळीत 'दररोज' वेगळं घातलंय. म्हणजे एपिऊसिओसचा अर्थ 'रोजची' धरला तर लूकचं वाक्य 'रोजची भाकर रोज दे' असं होतं. चांगला लेखक असं उगाच करत नाही.

दुसरी व्युत्पत्ती मला जास्त पटते. 'एपिऊसा' म्हणजे येणारा दिवस. 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात हा शब्द 'दुसऱ्या दिवशी' याच अर्थाने येतो. जेरोमनेही नोंदवलंय की इब्री लोकांच्या एका शुभवर्तमानात त्याला या जागी 'उद्या' या अर्थाचा शब्द सापडला. मग मागणं असं होतं: उद्याची भाकर आज दे.

इथे हमखास आक्षेप येतो. त्याच सहाव्या अध्यायाच्या शेवटी येशू उद्याची चिंता करू नका असं सांगतो. मग तो उद्याची भाकर मागायला कसा शिकवेल?

हा आक्षेप ज्याच्या डब्यात महिन्याचं पीठ आहे त्याला सुचतो. आमच्या पुलगावच्या आसपास निंदणाला, कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला विचारा. आजची भाकर ती सकाळी फडक्यात बांधून घेऊन गेलेली असते. संध्याकाळी हातात पडणारे पैसे असतात उद्याच्या ज्वारीचे. ते आज मिळाले तर रात्री झोप लागते. 'बाजाराच्या दिवशी देतो' म्हटलं की लागत नाही. उद्याची चिंता करू नका हा उपदेश पाळता यावा म्हणूनच उद्याची भाकर आज हवी. दोन वाक्यं भांडत नाहीत. एक दुसऱ्याची अट आहे.

यात साठेबाजीही नाही. निर्गमच्या गोष्टीत रानात मिळणारा मान्ना दिवसापुरताच गोळा करायचा असतो. जास्त ठेवला तर किडे पडतात. पण शब्बाथाच्या आदल्या दिवशी दुप्पट घ्यायची मुभा असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी विसावा घेता येतो. आमच्याच जिल्ह्यात, सेवाग्रामच्या प्रार्थनेत, 'असंग्रह' आणि 'शरीरश्रम' ही व्रतं शेजारी शेजारी म्हटली जातात. कष्टकऱ्याच्या घरात एका दिवसाचं पीठ असणं हा संग्रह नव्हे.

मग मराठी 'रोजची' चुकली का? नाही. पंडिता रमाबाईंनी ग्रीक-हिब्रू शिकून बायबल मराठीत आणलं ते साध्या बायकांना कळावं म्हणून. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली केडगावला नेल्या होत्या. वर्धा तेव्हा त्याच प्रांतात होतं. अशा मुलींना जेरोमची द्रव्यापलीकडची भाकर काय कामाची? 'रोज' हाच त्यांच्यासाठी केवढा मोठा शब्द होता.

तरीही सोप्या भाषांतराची एक किंमत असते. वाचकाला वाटतं, मूळही इतकंच सोपं आहे. 'रोजची' ऐकताना सवय ऐकू येते: कालही मिळाली, आजही मिळेल. 'उद्याची' ऐकताना ऐकू येते ती संध्याकाळची धाकधूक. प्रार्थना शिकणारे ते पहिले लोक कोळी होते, मजूर होते. मला वाटतं, त्यांनी दुसरंच ऐकलं असेल.

'भाकर' मात्र मी बदलू देणार नाही. तो शब्द भाषांतरकारांनी थेट चुलीवरून उचललाय.