हळद आणि छापील पुरावा

जखम भरून काढण्याच्या हळदीच्या उपयोगावर अमेरिकेंत १९९५ सालीं पेटंट दिलें गेलें व भारताच्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेनें हरकत घेतल्यावर १९९७ सालीं तें रद्द झालें, याचा आनंद आम्हांसही झाला. पण पुरावा कोणता मानला गेला? जुने संस्कृत ग्रंथ आणि १९५३ सालचा एक वैद्यकीय निबंध! घरोघरच्या हळदीच्या डब्याची साक्ष कोणी विचारली नाहीं. कारण परदेशांतील नुसती वहिवाट त्या वेळच्या अमेरिकन कायद्यास पुरत नसे, छापील आधार दाखवावा लागे. २००१ सालीं सुरू झालेलें पारंपरिक ज्ञानाचें सरकारी डिजिटल ग्रंथालय स्तुत्य खरें. परंतु त्याचीही भिस्त मुख्यतः ग्रंथांवरच. आमच्या कातकऱ्यांचें झाडपाल्याचें ज्ञान कोणत्या पोथींत सांपडणार? संग्राहकांनीं तेंही, सांगणाऱ्याच्या संमतीनें व नांवानिशीं, नोंदवावें.